बावड्याहून आयटीआय : अर्ज दीडशेचा, मग पैसा जातो कुठे?

दहावीचा निकाल आता मे महिन्यातच लागतो. 2024 साली तो 27 मेला लागला, 2025 साली तर 13 मेलाच. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून इंदापूर तालुक्यातल्या आपल्या बावड्यात झेरॉक्सच्या दुकानांसमोर पालकांची रांग लागते. मागच्या हंगामात मी अशाच एका रांगेत भाच्याची कागदपत्रे घेऊन उभा होतो. माझ्या पुढे एक गृहस्थ होते. शेतातून तसेच आलेले, पँटच्या पायाला चिखल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मुलाचा निकाल. त्यांनी विचारले, "पोराला आयटीआयला घालायचंय. किती लागतील?" कॉम्प्युटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितले, "दोन हजार द्या काका, सगळं करून देतो."

आयटीआयच्या प्रवेश अर्जाचे शासकीय शुल्क खुल्या प्रवर्गाला 150 रुपये आणि राखीव प्रवर्गाला 100 रुपये आहे. दोन हजारांतून ते वजा केले की जे उरतात, त्या साडेअठराशे रुपयांसाठी हा लेख लिहितो आहे. पिशवीत निकाल घेऊन आलेल्या माणसाचे ते चार-पाच दिवसांच्या मजुरीचे पैसे असतात.

ज्यांची मुले अजून सातवी-आठवीत आहेत, त्यांच्यासाठी आधी थोडेसे. आठवी ते दहावीत शाळेच्या इतर विषयांबरोबर तांत्रिक विषय शिकवणारी शासकीय तांत्रिक विद्यालये राज्यात आहेत. ती आणि आयटीआय एकाच खात्याच्या, म्हणजे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या, हाताखाली चालतात. आपली शाळा अशा विद्यालयाला जोडलेली आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारायला काहीच पडत नाही. दहावी होऊन हातात हत्यार घ्यायचे असेल, तर आपल्या भागातल्या मुलांसाठी सरळ रस्ता शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा. बावड्याहून इंदापूरची संस्था जवळची, साधारण वीस किलोमीटरवर. बारामतीची पन्नासच्या आसपास. नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो आणि अकलूज इंदापूरपेक्षाही जवळ, त्यामुळे पुष्कळ घरांचा ओढा माळशिरस तालुक्याकडे असतो. तिकडचे नाव देण्यापूर्वी स्थानिक आणि बाहेरच्या उमेदवारांच्या जागांचा नियम माहिती पुस्तिकेत नीट वाचून घ्या. ही पुस्तिका प्रवेशाच्या पोर्टलवर फुकट मिळते. तिच्या छापील प्रतीचे कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

पहिला खर्च दाखल्यांचा, आणि तो निकालाच्या आधीच करून ठेवायचा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर त्याचे प्रमाणपत्र. यांतले तुम्हाला लागू असेल तेवढेच. सगळे दाखले एकाच टेबलावरून निघत नाहीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, म्हणजे इंदापूरचा. जातीचा दाखला प्रांत कार्यालयाचा, आणि इंदापूर तालुक्याचे प्रांत बारामतीला बसतात. अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर करता येतो, त्यामुळे बारामतीच्या फेऱ्या मारायची गरज नाही; पण दोन कार्यालये असल्याने दिवस जास्त लागतात, हे धरून चाला. या केंद्रांचे सेवा शुल्क बरीच वर्षे 20 रुपये होते. 2025 मध्ये ते 50 झाले, आणि इतर आकार त्यावर चढतात. म्हणजे एक दाखला शंभराच्या आत मिळायला हवा. केंद्रात दरपत्रक लावलेले असते. त्याच्यापुढे उभे राहून पावती मागा.

एक खर्च तर पूर्ण वाचतो आणि तरी लोक तो करत राहतात. प्रतिज्ञापत्रासाठी लोक अजूनही मुद्रांक विकत घेतात. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या जागी 500 रुपयांचा मुद्रांक आला, तेव्हा गरीब घरांची मोठी अडचण झाली. पुढे मार्च 2025 मध्ये महसूल खात्याने जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांकाची गरज नाही असे जाहीर केले. साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने काम होते. तरीही दारात कुणी पाचशेचा कागद आणायला सांगितले, तर तो कोणत्या आदेशाने लागतो ते लिहून मागा. बहुतेक वेळा तेवढ्यावरच कागदाची गरज संपते.

दाखल्यांवरची नावे तपासा. हे काम फुकटचे आहे आणि सर्वांत महाग चूक इथेच होते. आधारवर 'ज्ञानेश्वर', निकालावर 'ज्ञानेश्र्वर', जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव अर्धे. मे महिन्यातच निकाल, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला एका ओळीत मांडून एकेक अक्षर बोटाने तपासा. माझ्या भाच्याच्या आधारवर जन्मतारखेतला महिना चुकला होता, आणि तो आम्हाला अर्ज निश्चितीच्या टेबलावर कळला. दुरुस्तीसाठी आधार केंद्राच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि अर्ज शेवटच्या दिवशी कसाबसा आत गेला. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून दाखल्यावर कोणत्या वर्षाची मुदत लिहिली आहे ते पाहूनच तो घेऊन जा.

आता अर्ज. तो admission पोर्टलवर, म्हणजे संचालनालयाच्या संकेतस्थळावर, मोबाईलवरूनसुद्धा भरता येतो. नोंदणी करताना घरातल्याच माणसाचा मोबाईल नंबर द्या. दुकानदाराचा नंबर देऊ नका. पुढच्या सगळ्या सूचना आणि पासवर्ड त्याच नंबरवर येतात, आणि जूनमध्ये दुकानदाराकडे अशी दोनशे मुले असतात. अर्ज भरून झाला म्हणजे काम संपले, असे समजणारे दरवर्षी फसतात. मूळ कागदपत्रे घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जायचे, तिथे तपासणी होते, शुल्क भरायचे आणि अर्ज निश्चित करून घ्यायचा. निश्चिती झाली नाही तर तो अर्ज गुणवत्ता यादीत येतच नाही. इंदापूरच्या संस्थेत हे काम होते. सकाळी लवकर जा, मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, आणि मुलालाच सोबत न्या. तिथले निदेशक मुलाला व्यवसायांबद्दल सांगतात, आणि ते ऐकायला मुलगा हवा, काका नकोत.

अर्ज निश्चित झाला की विकल्प भरायचे, म्हणजे कोणती संस्था आणि कोणता व्यवसाय याची क्रमवार यादी द्यायची. पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पहिल्या फेरीत तुमची पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जाते. म्हणून 'बघू तरी लागतं का' म्हणून लांबच्या संस्थेचे नाव पहिले टाकायचे नाही. आणि तीन-चार विकल्पांवर थांबायचेही नाही. वीजतंत्री नाही मिळाला तर तारतंत्री, इंदापूर नाही तर बारामती, असा विचार करून यादी लांबवर न्या. यादी भरणाऱ्याच्या मनाने भरायची नाही. आधी रात्री घरात बसून वहीत लिहून काढा आणि तीच वही समोर ठेवून भरा.

व्यवसाय निवडताना आपल्या भागाकडे बघा. आपल्या बाजूला नीरेवरच्या आणि भीमेवरच्या मोटारी आहेत. वीजतंत्री आणि तारतंत्री ज्याच्या हाती आहे, तो गावातच वर्षभर मोटार भरायच्या आणि वायरिंगच्या कामात राहतो. दूध शीतकरणाची केंद्रे आहेत, घरोघरी फ्रीज आहेत. प्रशीतन व वातानुकूलन हा व्यवसाय आपल्याकडे कमी मुले घेतात, त्याचे मला वाईट वाटते. कर्मयोगी आणि नीरा-भीमा कारखान्यांत जोडारी, संधाता यांना काम मिळते, पण साखर कारखान्याचे काम गळीत हंगामाला बांधलेले असते, हे विसरू नका. जोडारी किंवा यंत्र कारागीर होऊन मोठ्या कारखान्यात जायचे असेल, तर आपल्याच तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंदांनी साखरेपासून सुरुवात केलेल्या त्या गावात आज इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओची वाहने तयार होतात. एक वर्षाचा संधाता आणि दोन वर्षांचा जोडारी यांत घरखर्चाचा फरकही लक्षात घ्या. घरात लवकर पैसा यायला हवा असेल तर एक वर्षाचा व्यवसाय कमी दर्जाचा मानायचे कारण नाही. दहावी नापास मुलांसाठीही काही व्यवसाय खुले असतात. नापास झाला म्हणून पोराला सरळ ट्रॅक्टरवर बसवू नका, एकदा संस्थेत विचारा.

प्रवेश मिळाल्यावर भरायच्या शुल्काकडे येऊ. शासकीय आयटीआयचे शुल्क व्यवसायानुसार कमी-जास्त असते. सर्वसाधारण जागेवर वर्षाचा हिशेब काही हजारांत बसतो. त्यात अनामत रक्कम असते आणि ती प्रशिक्षण संपल्यावर परत मिळते. या पावतीचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण दोन वर्षांनी कागद सापडत नाही. एक सूक्ष्म गोष्ट मात्र पालकांना कुणी सांगत नाही: काही शासकीय संस्थांत संस्था व्यवस्थापन समितीच्या कोट्यातल्या जागा असतात. इमारत तीच, यंत्रे तीच, निदेशक तेच, पण शुल्क बरेच जास्त. विकल्प भरताना ही जागा वेगळी दाखवलेली असते. घाईत तिला पसंती दिली गेली, तर वर्षाला कित्येक हजार जादा जातात. खाजगी संस्थेचा विचार करत असाल, तर आधी त्या व्यवसायाची संलग्नता आहे का ते पाहा, पोर्टलवर त्या संस्थेच्या व्यवसायापुढे दाखवलेले शुल्क पाहा, आणि त्यापेक्षा जास्त मागितले तर पावतीशिवाय देऊ नका. "इमारत निधी" म्हणून रोख मागणाऱ्याला मी स्वतः नाही म्हणालो होतो. जागा गेली नाही.

बावड्याच्या घरांना खरा खर्च येतो तो रस्त्याचा. एसटीत विद्यार्थ्याला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. 25 जानेवारी 2025 पासून एसटीची भाडेवाढ 14.95 टक्के झाली, त्यामुळे जुने हिशेब विसरा. इंदापूरपर्यंत जाता-येता रोजचे 80 रुपये धरले, तर 25 दिवसांचे 2,000 होतात आणि पास साधारण 670 रुपयांना पडतो. बारामतीचे जाता-येता 180 धरले, तर 4,500 आणि पास 1,500. महिन्याचा फरक 830 रुपयांचा. दोन वर्षांच्या व्यवसायाचे सुट्ट्या वजा करून 22 महिने धरा, फरक अठरा हजारांच्या वर जातो. एवढ्या पैशात दोन्ही वर्षांचा गणवेश, बूट आणि ड्रॉइंगचे साहित्य येऊनही उरते. म्हणून इंदापूरला हवा तो व्यवसाय मिळत असेल, तर बारामतीचे आकर्षण मी तरी बाजूला ठेवीन. मुलींच्या पालकांनी आगारात पासाचा अर्ज देताना अहिल्याबाई होळकर योजनेची चौकशी आवर्जून करावी. बारावीपर्यंतच्या मुलींसाठी ती मोफत पासाची योजना आहे. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहेच, पण विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडतो. जून 2025 पासून एसटीने पास शाळा-महाविद्यालयातच देण्याचे काम हाती घेतले आहे. संस्थेत विचारा, आगारातली रांग वाचेल.

पासापेक्षाही वेळ महत्त्वाची. आयटीआयचे वर्ग पाळीत चालतात. सकाळची पाळी मिळाली, तर बावड्याच्या थांब्यावरून पहाटेची कोणती गाडी इंदापूरला वेळेत पोचते, हे प्रवेशाच्या दिवशीच वाहकाला विचारून ठेवा. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. रोज दुसऱ्या तासाला पोचणारा मुलगा हुशार असूनही हजेरीत अडकतो. मग घरातली मोटारसायकल निघते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ती देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आणि इंदापूर-अकलूज रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागून रात्री दुचाकी नेणे काय असते, ते आपल्याला सांगायला नको.

बारामतीला खोली घेऊन राहायची वेळ आली, तर भाड्याआधी समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहाचा अर्ज करा. इंदापूर आणि बारामती दोन्हीकडे चौकशी करा. जागा गुणवत्तेवर मिळतात आणि अर्जाची मुदत प्रवेशाच्या आसपासच संपते. प्रवेश झाला की मग वसतिगृह बघू, म्हणणाऱ्याला ते मिळत नाही.

साहित्याचा खर्च सुरुवातीच्या महिन्यात एकदम येतो. कार्यशाळेचा गणवेश, सेफ्टी शूज, ड्रॉइंगचा बोर्ड आणि टी-स्क्वेअर, वह्या. चांगले सेफ्टी शूज पाचशे ते हजारात मिळतात. यात काटकसर करू नका. भाच्याने पहिल्या आठवड्यात जुने स्लीपर्स घालून कार्यशाळेत जायचा प्रयत्न केला, निदेशकांनी त्याला दारातून परत पाठवले, आणि बरेच केले. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाच्या हातून लोखंडी सळईचा तुकडा खाली पडला होता. बोर्ड आणि टी-स्क्वेअर मात्र मागच्या वर्षीच्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घ्या. दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांकडे ते पडून असतात.

आता परत मिळणारे पैसे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल, तर महाडीबीटी पोर्टलवर आयटीआयसाठी व्यवसाय प्रशिक्षण शुल्क प्रतिपूर्तीची योजना आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. आयटीआयच्या विद्यावेतनाची रक्कम अनेक वर्षे महिन्याला फक्त 40 रुपये होती. शासनाने ती 500 केली आहे. हे पैसे मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मुलाच्या नावावरचे आणि आधारशी जोडलेले खाते. नुसते केवायसी पुरत नाही, बँकेत जाऊन 'आधारला हेच खाते जोडले आहे का' हे विचारा. मुलाची दोन खाती असतील, तर पैसे जोडलेल्या खात्यात जातात आणि घरचे दुसरे पासबुक बघत बसतात. दुसरी गोष्ट म्हणजे नूतनीकरण: दुसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा भरावा लागतो. पहिल्या वर्षी पैसे मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाहीत.

पुढचा हिशेबही डोक्यात असू द्या. दोन वर्षांचा आयटीआय पुरा केलेल्या दहावी पास मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. शिकाऊ उमेदवारी घेतली, तर कायद्याने किमान विद्यावेतन द्यावे लागते. 2019 च्या नियमांत ते पात्रतेनुसार 5,000 ते 9,000 रुपये ठरले होते. घातलेला पैसा याच टप्प्यावर फिरायला लागतो.

राहिली तारखांची गोष्ट, आणि ती आपल्या गावाची खास आहे. जून-जुलैत प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, आणि त्याच दिवसांत तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम आटोपून बावड्यातून सराटीला जाते. त्या दोन दिवसांत एसटीचे मार्ग वळवलेले असतात, रस्ता वारकऱ्यांनी भरलेला असतो, आणि घरात पाहुणे असतात. फेरीत नाव लागल्यावर प्रवेश घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. वेळापत्रक जाहीर झाले की पालखीचे दिवस त्यावर पेनाने खूण करून ठेवा. यादीत नाव दिसेल त्या दिवशीच मूळ कागद, फोटो आणि शुल्क घेऊन संस्थेत जा. उद्यावर ठेवू नका. झेरॉक्सच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या त्या गृहस्थांनाही मी तेव्हा आधी संस्थेतच जायला सांगितले. त्यांनी पिशवी पुन्हा गुंडाळली, मुलाला सोबत घेऊन दुसऱ्या दिवशी इंदापूरची गाडी धरली, आणि अर्ज 100 रुपयांत निश्चित करून आले. तुम्हीही आधी संस्थेत जा.